बँकर

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की वडेवाले खिडक्यांकडे धावतात आणि गाडीच्या मागे बँकर लागतात. प्रवाशांचं लक्ष वड्यांकडे असतं. मागे इंजिनं जोडली गेली, हे हातातला चहा हिंदकळला तरच कळतं. पुढे बोरघाट आहे, सदतीस फुटांना एक फूट असा चढ. पुढच्या इंजिनाला तो एकट्यानं झेपत नाही, म्हणून मागून रेटा द्यायचा. घाट संपला की बँकर सुटतात. गाडी पुण्याला जाते आणि बँकर रिकामे खाली उतरतात, आपल्या कर्जतला.

बाबा रेल्वेत होते, त्यामुळे ‘बँकर’ हा शब्द मला पाढ्यांच्या आधी आला. आणि बाबांमुळेच फुटबॉलही आला. सुट्टीच्या दिवशी ते मला लोकलनं व्हीटीला न्यायचे, तिथून चालत कूपरेजवर. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स कप त्या मैदानावर रंगायचा. मुलीला फुटबॉल कशाला दाखवायचा, असं शेजारी विचारत. बाबा उत्तर देत नसत, फक्त दोन तिकिटं काढत. पुढे रोव्हर्स थांबला. २००६ साली राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड संघ २०१० मध्ये बंद झाला. त्यानंतर कितीतरी दिवस बाबा वर्तमानपत्राचं शेवटचं पान उघडत नव्हते.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर मुंबई सिटी आली आणि बाबांची पिशवी पुन्हा खुंटीवरून निघाली. आता आम्ही तिघं जातो : बाबा, मी आणि माझा मुलगा. कर्जतहून घाटकोपर, तिथून मेट्रोनं आझाद नगर, मग अंधेरीचं शहाजी राजे क्रीडा संकुल. खेळ नव्वद मिनिटांचा, पण आमचा सामना सहा-सात तासांचा. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं अंबरनाथच्या आत संपवायचं, कारण पुढे गर्दी डबा उघडू देत नाही. आकाशी जर्सी मात्र घरूनच घालायची. नेरळ, वांगणी, बदलापूर... प्रत्येक स्टेशनवर लोक तिच्याकडे बघतात. जिथं मुंबईच्या बऱ्याच लोकल संपतात तिथून आम्ही येतो. तरी संघाच्या नावातली मुंबई आमचीच वाटते. इतका रूळ तुडवून गेल्यावर ती परकी कशी राहील?

१३ मार्च २०२१ ला गोव्यात फातोर्ड्याला लीगचा अंतिम सामना झाला, तेव्हा करोनामुळे मैदान रिकामं होतं. आम्ही घरी टीव्हीसमोर होतो. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगनं मोहन बागानविरुद्ध विजयी गोल केला आणि बाबा उठून उभे राहिले. ओरडले नाहीत. भिंतीवर तळहात टेकून उभे होते. मग म्हणाले, “आपण तिथं असायला हवं होतं.” कप आमच्या संघाचा झाला होता, पण त्या संध्याकाळी मागून रेटा द्यायला कुणी नव्हतं, ही रुखरुख त्यांच्या मनातून गेली नाही.

म्हणून ६ नोव्हेंबर २०२३ चुकवायचा नव्हता. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सौदीचा अल हिलाल नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानात येणार होता. चार वेळा आशिया जिंकलेला संघ. दोन आठवड्यांपूर्वी रियाधमध्ये त्यांनी आपल्याला सहा गोलांनी हरवलेलं. सामना रात्रीचा, परतीला लोकल मिळणार नाही, म्हणून आम्ही गाडी काढली. कर्जतबाहेर भात कापून झालेल्या खाचरांत पोरं विटांचे गोल मांडून खेळत होती. चौक गावाजवळ संध्याकाळच्या उजेडात इर्शाळगड दिसला. जुलैमध्ये त्याच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. गाडीतलं बोलणं आपसूक थांबलं. पनवेल येईपर्यंत कुणी काही बोललं नाही.

मैदानात मात्र आवाजाचा डोंगर उभा होता. वेस्ट कोस्ट ब्रिगेड या आमच्या चाहत्यांच्या गटाच्या ढोलावर अनोळखी माणसं एका ठेक्यात टाळ्या वाजवत होती. माझा मुलगा घसा बसेस्तोवर ओरडला. बाबा सत्तरी ओलांडलेले. ते प्रत्येक बचावाला नुसते मूठ आवळत होते. आपण हरलो, दोन गोलांनी. पण शेवटची शिट्टी झाली तेव्हा आमच्या भागातले लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि खेळाडू त्या दिशेनं हात वर करून आले. माझे डोळे भरले. त्या स्पर्धेत आपल्याला एकही गुण मिळाला नाही. तरी त्या रात्रीइतकी मी त्या संघाची कधीच नव्हते.

परतताना पुन्हा चौक लागला. रात्रीचा दीड वाजला असेल. मुलगा झोपला आहे असं वाटत होतं, तेवढ्यात मागून त्याचा बसका आवाज आला, “आजोबा, तिकडे सहा झाले होते. इथं दोनच.”

बाबांनी काचेबाहेर बघत हिशेब मनात केला. “चार कमी,” ते म्हणाले.

कर्जतला शिरलो तेव्हा गाव झोपलेलं होतं. दवानं रस्ता ओला झाला होता. स्टेशनाजवळ बाबांनी गाडी थांबवायला सांगितली. घाटातून उतरलेले बँकर सावकाश यार्डात येत होते. पुढे गाडी नव्हती, डबे नव्हते, नुसते दिवे. आम्ही तिघं काच खाली करून बघत राहिलो. थोड्या वेळानं फलाटावर घोषणा झाली. पुण्याकडची पुढची गाडी येत होती.