अंगमर्दन : हाताचें व यंत्राचें

व्यायामानंतर अंग चोळून घेण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. अष्टांगहृदयांतील दिनचर्येच्या अध्यायांत वाग्भटांनीं, बलवान् मनुष्यानेंही व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा, व तो झाल्यावर सुख वाटेल अशा बेतानें सर्व अंग मर्दावें, असें सांगून ठेविलें आहे. तालमींतल्या मल्लांस हें शिकण्यासाठीं ग्रंथ उघडावा लागला नाहीं. जोर, बैठका आणि लढती आटोपल्या म्हणजे एकानें पालथें पडावें व दुसऱ्यानें त्याच्या मांड्या व पोटऱ्या रगडाव्या, हा कोल्हापुराकडील आखाड्यांचा जुना परिपाठ आहे. पांढरपेशांच्या घरीं मात्र मर्दन म्हणजे नरकचतुर्दशीची पहांट, बाळबाळंतिणीची आंघोळ आणि म्हाताऱ्या माणसांचे पाय, एवढ्यापुरतेंच उरलें आहे. आमच्या घरची स्थितिही हीच होती. ती पालटावयास कारण झालें एक यंत्र.

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या पुतण्यानें तें आणिलें. जानेवारींत मुंबईस जी मॅरेथॉन होते तिच्या अर्ध्या पल्ल्यांत, म्हणजे सुमारें २१ किलोमीटर, धांवण्याचा त्याचा संकल्प होता. आणि रोज सकाळीं धांवून आला कीं तो तें यंत्र मांडीस लावून बसे. लोक त्यास ‘मसाज गन’ म्हणतात. दिसण्यांत तें केंस वाळविण्याच्या यंत्राचें भावंड. पुढें लिंबाएवढा रबरी गोळा, आंत बॅटरीवर चालणारी मोटार. शिवणाच्या यंत्रांत चाकाच्या फिरण्यानें सुई जशी वरखालीं होते, तसा येथें मोटारीच्या फिरण्यानें तो गोळा पुढेंमागें होतो व मांसावर ठोके देतो. चांगल्या यंत्राचा गोळा १२ ते १६ मिलिमीटर सरकतो, आणि मिनिटास २,४०० पर्यंत, म्हणजे सेकंदास ४० ठोके पडतात. स्वस्तांतील पुष्कळ यंत्रांचा गोळा इतका सरकतच नाहीं. तीं कातडीवर नुसतीं थरथरतात.

आमच्या तीर्थरूपांस आतां ८९ वें वर्ष चालू आहे. तो आवाज ऐकून त्यांनीं चष्मा वर केला व विचारलें, “अरे, भिंतीस भोंकें पाडण्याचें हत्यार हा मांडीवर कां चालवितो आहे?” सगळे हंसले, पण प्रश्न वाटतो तितका भोळा नव्हता. हल्लींच्या यंत्रांपैकीं जें विशेष प्रसिद्धीस आलें, त्याचे जनक जेसन वेर्सलँड हे अमेरिकेंतील, मणके व सांधे हातानें दाबून उपचार करणाऱ्या पंथाचे गृहस्थ. २००७ सालीं मोटारसायकलच्या अपघातानंतर त्यांस फार वेदना होऊं लागल्या, तेव्हां कारागिराच्या विजेच्या हत्यारांत फेरफार करून त्यांनीं स्वतःपुरतें पहिलें यंत्र जुळविलें. त्यांचें ‘थेरागन’ बाजारांत आलें तें २०१६ सालीं.

कल्पना मात्र याहून पुष्कळ जुनी आहे. स्टॉकहोम येथें गुस्ताफ झँडर नांवाच्या डॉक्टरांनीं १८६५ सालीं यंत्रांची व्यायामशाळा उघडली; त्यांच्या यंत्रांत अंग मळणारीं व ठोकणारीं यंत्रेंही होतीं. इंग्लंडांत जोसेफ मॉर्टिमर ग्रॅनव्हिल या वैद्यांनीं कंप देणारें विजेचें उपकरण तयार करून १८८३ सालीं त्या उपचारावर ग्रंथ लिहिला. त्याच्याही आधीं, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, पाटण्याकडील शेख दीन महंमद यांनीं ब्रायटन येथें वाफेच्या स्नानाचें व चंपीचें दुकान थाटून इंग्लंडच्या राजापर्यंत कीर्ति नेली होती. साहेबांचा ‘शांपू’ हा शब्द त्या चंपीचाच भाऊबंद होय. आपल्याकडून हात गेला आणि तिकडून दीडशेंदोनशें वर्षांनीं यंत्र परत आलें, असें थट्टेनें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां आमच्या अनुभवाचें. कार्तिकांतल्या एका रविवारीं पुतण्याच्या आग्रहास बळी पडून आम्ही आतकरवाडीच्या वाटेनें सिंहगड चढलों. आमचें वय ६१. चढतांना दम लागला, परंतु पायांनीं तक्रार केली नाहीं. वर पिठलें-भाकरी व मडक्यांतील दहीं यांवर यथास्थित हात मारून त्याच वाटेनें उतरलों, व आपण अजून तरुण आहों अशा समजुतींत निजलों. सोमवारीं मांड्या जड वाटल्या. मंगळवारीं मात्र घरचा जिना कठडा धरून, खेकड्यासारखे आडवे होऊन उतरावा लागला.

दुखणें दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं कां वाढतें, याचा आम्हीं शोध केला. श्रमानें स्नायूंत लॅक्टिक आम्ल सांचतें व तेंच दुखतें, अशी शाळेपासूनची आमची समजूत. ती चुकीची निघाली. तें द्रव्य श्रम थांबल्यावर तासाभरांतच ओसरतें. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनीं १९०२ सालींच असें मत मांडलें होतें कीं, हें दुखणें स्नायूंच्या आंतील बारीक तुटफुटीचें आहे. व आजचें शास्त्रही सामान्यतः त्याच दिशेस आहे. स्नायु आंखडत असतां काम करितो तेव्हां इजा थोडी; तो ताणला जात असतां भार पेलतो तेव्हां अधिक. गड उतरतांना मांडीचा पुढचा स्नायु प्रत्येक पावलास ताणला जातो व त्याच वेळीं सर्व शरीर तोलून धरतो. म्हणजे आमचा अपराध चढण्याचा नसून उतरण्याचा होता. अशी तुटफूट शरीर स्वतःच सांधतें, आणि पुन्हां तोच श्रम कांहीं दिवसांनीं केल्यास दुखणें पहिल्याइतकें होत नाहीं. मल्लाची मांडी आमच्याहून निराळी असते ती याही कारणानें.

त्या मंगळवारीं पुतण्यानें आमच्या हातीं तें यंत्र दिलें व सांगितलें, “काका, एका जागीं दोन मिनिटांहून जास्त नको, आणि दाबूं नका.” पहिल्या अर्ध्या मिनिटांत असें सुख वाटलें कीं, आम्हीं वाग्भट व पुतण्या या दोघांसही बाजूस सारिलें. वर्तमानपत्र वाचीत डाव्या मांडीवर एकाच जागीं वीस मिनिटें तें दाबून धरलें. दुसऱ्या दिवशीं तेथें वांग्याच्या रंगाचा डाग उमटला, आणि पूर्वीं जें दुखत होतें त्यांत नव्या दुखण्याची भर पडली. दोष यंत्राचा नव्हे. हातानें रगडणाऱ्यास स्वतःचा हात दुखूं लागला कीं थांबावें लागतें. पालथें पडलेल्याचें अंग आंखडलें कीं तें बोटांस कळतें. मोटारीस यांपैकीं कांहींच कळत नाहीं, व आम्हांस सुखाच्या भरांत तें कळलें नाहीं.

मग या यंत्राचा उपयोग काय? जें आम्हांस समजलें तें असें. ऑस्ट्रियांतील संशोधकांनीं २०२० सालीं १६ पुरुषांच्या पोटऱ्यांवर तें पांच मिनिटें लावून पाहिलें. घोटा वांकण्याची मर्यादा सरासरी पांच अंशांनीं वाढली, पायाचा जोर होता तेवढाच राहिला. हातानें केलेल्या मर्दनासंबंधीं २९ प्रयोग एकत्र तपासून त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेला निष्कर्षही जवळजवळ असाच आहे: खेळाडूची शक्ति वा वेग त्यानें वाढत नाहीं, अंगाचा लवचिकपणा व दुखण्याचा उतार यांत थोडा लाभ होतो. सारांश, मर्दनानें तुटलेलें लवकर सांधतें असें नव्हे. सांधेपर्यंतचे दोन दिवस सुसह्य होतात. आमच्या मतें हा लाभ लहान नाहीं. परंतु जाहिरातींत जें अभिवचन असतें तें याहून फार मोठें असतें, आणि त्यासाठीं दहाबारा हजार रुपये मोजणाऱ्यानें हें अंतर जाणून मोजावे.

अपायाचीही बाजू आहे. २०२१ सालीं चिनी डॉक्टरांनीं एका तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. सायकल चालवून थकलेल्या तिच्या मांड्यांवर तिच्या शिक्षकानें हें यंत्र चालविलें. पुढें मांड्या दुखून आल्या, लघवी चहाच्या रंगाची झाली, आणि स्नायूंचे तंतु फुटून त्यांतील द्रव्यें रक्तांत मिसळल्याचें निदान झालें. अशीं उदाहरणें विरळ आहेत. तथापि हाडावर, मानेच्या पुढील भागावर, फुगलेल्या शिरांवर, सूज आलेल्या पोटरीवर तें लावूं नये. आणि ज्यांस रक्त पातळ राखण्याचीं औषधें चालू आहेत त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून त्यास हातही लावूं नये, हें घरांत सर्वांस ठाऊक असावें.

पण ज्या गोष्टीसाठीं आम्हीं लेखणी उचलली ती पुढेंच आहे. मार्गशीर्षांत एका रात्रीं अकराच्या पुढें तोच घुर्र आवाज कानीं आला. पुतण्या तर केव्हांच निजला होता. माजघरांत पाहतों तों वहिनी दिवा बारीक करून, पाट भिंतीशीं टेकवून बसलेल्या, आणि यंत्र त्यांच्या पोटरीवर. आम्हांस पाहतांच त्यांनीं तें बंद करून पदराखालीं घेतलें व म्हणाल्या, “भाऊजी, दोनच मिनिटें लावलें होतें हो.”

वहिनी हल्लीं शेजारच्या बायकांबरोबर सकाळीं पर्वतीच्या पायऱ्या चढतात. पाय दुखणें साहजिक होतें. चोरी केल्यासारखें बोलणें मात्र साहजिक नव्हतें, आणि तें आमच्या मनांत घर करून राहिलें. आमच्या मातोश्रींचे पाय रोज रात्रीं वहिनी चेपीत. लग्न होऊन त्या घरांत आल्या तेव्हांपासून मातोश्री जाईपर्यंत, छब्बीस वर्षें. मातोश्री दुष्ट नव्हत्या; त्यांनींही आपल्या सासूचे पाय असेच चेपले होते. आम्ही तेथेंच आरामखुर्चींत वाचीत बसत असूं. आम्ही स्वतः लहानपणीं क्रिकेट खेळून येत असूं तेव्हां मातोश्री कोमट तेल लावून आमच्या पोटऱ्या चोळीत. म्हणजे या घरांत खेळणाऱ्याचे पाय चोळले जात, वडील माणसांचे चेपले जात. आणि पहांटेपासून फरशीवर उभ्या राहणाऱ्या बाईचे पाय दुखत असतील ही गोष्ट कोणाच्या ध्यानीं आली नाहीं. स्नायूंचा इतका अभ्यास केल्यावरही ती आमच्या ध्यानीं यावयास रात्रीचे अकरा वाजावे लागले.

काय बोलावें हें न सुचून आम्हीं नुकतीच मिळविलेली विद्या पुढें केली. “वहिनी, पायांच्या शिरा फुगलेल्या नाहींत ना? नाहींतर हें लावूं नये.”

त्या हंसल्या. “नाहीं फुगलेल्या. पण माझ्या पायांची चौकशी करणारे या घरांतले तुम्ही पहिलेच.”

दुसऱ्या दिवशीं यंत्र पुतण्याच्या खोलींतून माजघरांतल्या फडताळांत आलें. कोणीं हलविलें हें कोणीं विचारलें नाहीं.

या सर्वांत तीर्थरूपांचा प्रश्न उरला. त्यांस रक्त पातळ राखण्याची गोळी चालू असल्यानें डॉक्टरांनीं यंत्रास साफ नकार दिला. हलक्या हातानें तेल लावण्यास मात्र मोकळीक दिली. पूर्वीं हें काम एक गडी करीत असे. तो गांवीं गेल्यास चार वर्षें झालीं. तीर्थरूपांनीं विषय काढला तेव्हां सर्वांच्या नजरा, आमचीही, संवयीनें स्वयंपाकघराकडे वळल्या. तेथें पुतण्याची बायको बँकेंत जाण्यापूर्वीं डबे भरीत होती. कांहीं क्षण कोणी बोललें नाहीं. मग पुतण्याच म्हणाला, “आजोबांचे पाय सोमवार ते बुधवार मी चोळीन. पुढचे दिवस काका.”

त्याप्रमाणें चाललें आहे. तो जानेवारींत मुंबईस धांवून आला. दुसऱ्या दिवशीं स्वतःच्या मांड्यांस यंत्र लावून, विव्हळत कां होईना, पण आजोबांजवळ बसला. आमचा हात अजून बसलेला नाहीं. तेल फार होतें, आंगठा घोट्याच्या हाडावर जातो, आणि तीर्थरूप “अरे, हळू! हळू!” म्हणून ओरडतात. त्याच वेळीं माजघरांतून यंत्राचा घुर्र आवाज येतो, व दोन मिनिटें झालीं कीं थांबतो.