सुजेच्या गोळीवर किती भिस्त ठेवावी?

ती. मावशी,


दाढ काढल्यावर लिहून दिलेल्या गोळ्यांविषयी तू विचारलं आहेस: सूज उतरायची ही एन्झाइमची गोळी घ्यावी का, आणि घेतली तर ती निर्धोक आहे का? फोनवर दोन वाक्यांत सांगून मोकळी झाले असते, पण कारण कळल्याशिवाय तुला काही पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. ही गोळी सूज उतरवते याचा पुरावा फार कच्चा आहे. ती एकटी आणि मोजके दिवस घेतली तर बहुतेकांना काही अपाय होत नाही. पण आपल्याकडे ती सहसा एकटी येत नाही, आणि काळजी करायची ती तिच्या सोबत्यांची. आता हे मी कशाच्या आधारावर म्हणते ते बघ.

आपल्याकडे सुजेवर मिळणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्या मुख्यतः तीन घराण्यांतल्या. सगळ्यात जास्त खपणारं सेराशिओपेप्टिडेज. ते रेशीमकिड्याच्या आतड्यात सापडलेल्या जिवाणूपासून जपानमध्ये १९६०च्या दशकात वेगळं काढलं गेलं. रेशमाचा पतंग कोश भेदून बाहेर येतो तो याच्याच जोरावर, असं जाहिरातीत सांगतात; पण पतंगाचं ते एन्झाइम त्याचं स्वतःचं आणि वेगळं असतं. दुसरं ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन, जे जनावरांच्या स्वादुपिंडातून काढतात. तुझ्यासारख्या कडक शाकाहारी माणसाला हे कुणी आपणहून सांगत नाही. तिसरं ब्रोमेलेन, अननसाच्या खोडातलं. तिन्हींचं काम एकच: प्रथिनं तोडणं. इजा झालेल्या जागी फायब्रिन या प्रथिनाचं जाळं तयार होतं आणि प्रथिनयुक्त पाणी साचतं. गोळीतलं एन्झाइम रक्तातून तिथं पोचतं, ते जाळं तोडतं, साचलेलं पातळ करतं आणि मग सूज ओसरते, असा हा दावा आहे. ऐकायला तो सरळ वाटतो. त्यातल्या ‘रक्तातून तिथं पोचतं’ या तीन शब्दांवर सगळं अडतं.

कारण एन्झाइम हे स्वतःच प्रथिन आहे, आणि आपली पचनसंस्था प्रथिनं फोडण्यासाठीच आहे. इन्सुलिन १९२२पासून वापरात आहे, तरी ते अजून बहुतेकांना टोचूनच घ्यावं लागतं, ते याच कारणानं. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात. सेमाग्लुटाइड हे मधुमेहाचंच दुसरं औषध त्याहून छोटं, अवघ्या ३१ अमिनो आम्लांचं. त्याची पोटातून घ्यायची गोळी अमेरिकेत २०१९मध्ये मंजूर झाली, पण त्यासाठी गोळीत शोषण वाढवणारं खास रसायन घालावं लागलं, आणि इतकं करूनही रक्तात पोचतो तो सुमारे एक टक्का. ट्रिप्सिन दोनशेहून जास्त अमिनो आम्लांचं आणि सेराशिओपेप्टिडेज साडेचारशेहून जास्त अमिनो आम्लांचं. या गोळ्यांवर जठरातल्या आम्लात न विरघळणारा थर असतो हे खरं, आणि त्यामुळे एन्झाइम आतड्यापर्यंत शाबूत पोचू शकतं हेही खरं. पण आतड्यात पोचणं वेगळं आणि आतड्याची भिंत ओलांडून रक्तात जाणं वेगळं. शिवाय ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन आपलं स्वादुपिंड रोजच तयार करतं. त्याची पाचक एन्झाइमं दिवसाला काही ग्रॅम भरतात. गोळीतलं मोजायचं ते मिलिग्रॅममध्ये. वाहत्या ओढ्यात तांब्याभर पाणी ओतून पूर येण्याची वाट बघण्यातला हा प्रकार. आतड्यातलं ट्रिप्सिन जर जबड्याची सूज उतरवत असतं, तर जेवण झालेल्या कुणाच्याच जबड्याला सूज राहिली नसती.

यावर गोळीची बाजू घेणारे म्हणतात की थोडं का होईना, एन्झाइम रक्तात सापडलं आहे. सेराशिओपेप्टिडेज पोटातून दिलेल्या उंदरांच्या रक्तात आणि ब्रोमेलेन घेतलेल्या माणसांच्या रक्तात ते अगदी सूक्ष्म प्रमाणात मोजलं गेलं आहे. हे मला मान्य आहे. पण रक्तात मोकळं फिरणारं, प्रथिनं तोडणारं एन्झाइम शरीराला परवडणारं नसतं, नाहीतर ते आपल्याच पेशींवर घसरलं असतं. म्हणून रक्तात अशी एन्झाइमं पकडून ठेवणारी प्रथिनं भरपूर असतात. अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन हे त्यांतलं एक. या पकडीतूनही एन्झाइमचा काही परिणाम दाहाच्या रासायनिक संदेशांवर होत असेल, असा एक तर्क मांडला जातो. तो अशक्य आहे असं मी म्हणणार नाही. पण तर्क हा तर्कच. रुग्णाला गोळी द्यायची तर तिनं रुग्णात काय केलं ते दिसलं पाहिजे.

आणि ते दिसायला अवघड आहे, कारण सूज आपणहूनही उतरते. दाढ काढल्यावर गाल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त सुजलेला असतो आणि तिथून पुढे आठवडाभरात ओसरतो. पाच दिवसांच्या गोळ्या नेमक्या याच काळात पोटात जातात, आणि श्रेय त्यांना मिळतं. ही गोळी घेऊन तुझ्या शेजारणीला गुण आला म्हणतेस ते खोटं नाही, पण तो गोळीचा की दिवसांचा, हे एका माणसाकडे बघून ठरत नाही. त्यासाठी काही रुग्णांना खरी आणि काहींना तशीच दिसणारी, आत औषध नसलेली गोळी द्यावी लागते, आणि कुणाला कुठली दिली हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही कळू द्यायचं नसतं. जपानमध्ये सेराशिओपेप्टिडेजच्या फेरतपासणीत हेच केलं. औषध नसलेल्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही, आणि ते मुळात बाजारात आणणाऱ्या ताकेदा कंपनीनं २०११मध्ये स्वतःहून ते जपानच्या बाजारातून काढून घेतलं. मावशी, चार दशकं डॉक्टर लिहीत होते आणि रुग्ण समाधानी होते. ‘इतके डॉक्टर लिहितात ते उगाच का?’ या प्रश्नाला याहून स्वच्छ उत्तर मला माहीत नाही. २०१३मध्ये दिल्लीतल्या संशोधकांनी या औषधावरच्या उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांनाही त्या बहुतेक लहान आणि सदोष पद्धतीच्या आढळल्या. दीर्घकाळ घेतल्यास ते कितपत सुरक्षित आहे याची माहितीही अपुरी होती.

एकच बाजू मांडली असं व्हायला नको. अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेनंतर सेराशिओपेप्टिडेज किंवा ब्रोमेलेन दिलेल्या काही छोट्या चाचण्यांत सूज किंवा तोंड उघडायचा त्रास थोडा कमी दिसला आहे. गुडघेदुखीत ब्रोमेलेन, ट्रिप्सिन आणि रुटोसाइड हा वनस्पतिजन्य घटक यांच्या मिश्रणाची डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाशी तुलना झाली, तेव्हा आराम साधारण सारखाच आढळला. हे आकडे फेकून देण्यासारखे नाहीत. पण अशा तुलनेत औषध नसलेल्या गोळीचा गट नसेल, तर दोघांना आलेल्या गुणात औषधाचा वाटा किती आणि काळाचा किती, हे उलगडत नाही. एन्झाइमं औषध म्हणून निकामी असतात असंही मी म्हणत नाही. अननसाच्या खोडातल्या एन्झाइमांचा लेप भाजलेल्या जखमेवरची मेलेली कातडी काढायला वापरतात, आणि अमेरिकेनं त्याला २०२२मध्ये मान्यता दिली. स्वादुपिंड निकामी झालेल्यांना जेवणाबरोबर पाचक एन्झाइमं द्यावीच लागतात, आणि त्यामुळे त्यांचं अन्न पचतं. दोन्ही ठिकाणी एन्झाइम जिथं काम करायचं तिथंच थेट पोचतं. गिळलेल्या गोळीनं गालातली सूज उतरवायची, ही अपेक्षा मात्र त्याच्या आवाक्याबाहेरची दिसते.

‘मग काय बिघडलं? उपयोग नाही तर नाही, अपाय तरी नाही ना?’ असं तू म्हणशील. आता घरातली पट्टी उचल, चष्मा लाव आणि चंदेरी बाजूवरची बारीक अक्षरं वाच. बाजारात सर्रास मिळणाऱ्या मिश्रणात असेक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम आणि सेराशिओपेप्टिडेज १५ मिलिग्रॅम असतं. गोळी घेतल्यावर जो उतार पडतो तो बहुधा पहिल्या दोघांचा, आणि मोठा अपायही पहिल्याच्याच नावावर. असेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही वेदनाशामकं जठरात व्रण करू शकतात, रक्तस्राव घडवू शकतात, रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. तुझ्या ब्लडप्रेशरच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध असं दोन्ही असेल, तर त्यावर हे तिसरं पडलं की मूत्रपिंडावरचा ताण फार वाढतो. डॉक्टरांच्या जगात हे त्रिकूट बदनाम आहे. ताप म्हणून वेगळी पॅरासिटामॉल घेतलीस तर तीही नकळत दुप्पट होते. एन्झाइमही अगदी सोवळं नाही: अंगावर पुरळ, ॲलर्जी, पोट बिघडणं, आणि जपानमध्ये क्वचित फुप्फुसाला दाह झाल्याच्याही नोंदी आहेत. रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नये. यात आणखी एक घोळ मेडिकलच्या काउंटरवर होतो. दुकानदार दहाच्या पट्टीतून सहा गोळ्या कात्रीनं कापून देतो, आणि नाव, घटक, मुदत असलेला तुकडा त्याच्याकडेच राहतो. घटक छापलेला भागच माग, किंवा बिलावर पूर्ण नाव लिहून घे.

दुसरा अपाय दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. सूज म्हणजे आत काहीतरी चाललं आहे याची खूण, आणि ‘सुजेची गोळी’ म्हटलं की कारण शोधायचं राहून जातं. ॲम्लोडिपिन या ब्लडप्रेशरच्या गोळीनं अनेकांचे घोटे सुजतात. तिथं मूळ गोळी बदलायला हवी, वर एन्झाइम चढवून उपयोग नाही. दोन्ही पाय सुजले तर हृदय, मूत्रपिंड, यकृत तपासावं लागतं. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखली तर शिरेत गुठळी असू शकते, आणि ती अंगावर काढायची गोष्ट नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडे पाय सुजला तर हत्तीरोगाचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत असेक्लोफेनॅकचं हे मिश्रण टाळायलाच हवं, कारण डेंग्यूत अशा वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. दाढेच्या बाबतीत तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढली, ताप आला, जबड्याखाली किंवा गळ्यावर पसरली, गिळायला वा श्वास घ्यायला त्रास झाला, तर रात्र असली तरी डॉक्टर गाठायचा. तो बहुधा जंतुसंसर्ग असतो, आणि त्यावर एन्झाइम काही करू शकत नाही.

तुझ्या डॉक्टरांनी विचारपूर्वक गोळी दिली असेल आणि तुला ती घ्यायचीच असेल, तर नुसत्या एन्झाइमची माग. ती अख्खी गिळ. चावलीस किंवा कुटलीस तर वरचा थर फुटतो आणि एन्झाइम जठरातच खलास होतं. जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा दोन तास नंतर घे. तीन-पाच दिवसांत थांबव, आणि पट्टी संपली म्हणून आपल्या मनानं दुसरी आणू नकोस. पुरळ उठलं, हिरडीतून रक्त येत राहिलं किंवा खोकला-दम लागला तर त्याच दिवशी बंद कर आणि कळव. बाकी दाढेच्या सुजेवर पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाचा शेक, झोपताना डोकं उंच, आणि दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हलक्या हातानं चूळ, एवढं पुरतं. दुखलंच तर तुझं ब्लडप्रेशर बघता साधी पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात, ही जास्त बरी.

या पत्रावर विसंबून गोळी परस्पर बंद मात्र करू नकोस. डॉक्टरांना तीन प्रश्न विचार: ही गोळी कशासाठी, किती दिवस, आणि हिच्यात एन्झाइमखेरीज काय काय आहे? उत्तर नीट मिळालं तर घे. नाही मिळालं तर सूज उतरायला चार दिवस दे.

तुझी भाची