स्टॉकहोमचें बुडालेलें जहाज

पावसाच्या बारीक सरी चालू असतांना आम्ही स्टॉकहोम शहरांतील युरगोर्डेन बेटावर उतरलों. ‘वासा’ नांवाचें जहाज पाहावयाचें, हा संकल्प आमच्या मंडळींनीं घरून निघण्यापूर्वींच केला होता. संग्रहालयाच्या दारांत ओले कोट व छत्र्या काढून ठेवल्या. परक्या घरीं पाय धुऊन आंत जावें, तशीच ही रीत आम्हांस वाटली. तिच्यांतील खरें मर्म पुढें कळलें.

आंत शिरतांच प्रथम कांहींच दिसेना. उजेड मंद, हवा गार. मग त्या अंधुक प्रकाशांतून काळसर ओक लांकडाची एक प्रचंड भिंत वर वर चढत गेलेली दिसूं लागली. तिच्यावर सिंहांचीं, योद्ध्यांचीं, राजपुरुषांचीं शेंकडों कोरीव शिल्पें! दुसऱ्या गुस्ताव्ह ॲडॉल्फ राजाचें हें ६४ तोफांचें लढाऊ जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजीं पहिल्याच सफरीस निघालें, आणि पुरता मैलही न जातां वाऱ्याच्या झोतानें कलंडलें. तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरलें व तें लोकांच्या डोळ्यांदेखत बुडालें. चौकशी झाली, शिक्षा मात्र कोणासच झाली नाहीं. ज्याचीं मापें खुद्द राजानें मान्य केलेलीं, त्या जहाजास दोष कोण देणार!

पुढें तें ३२ मीटर खोल पाण्यांत पडून राहिलें. १९५६ सालीं आंदर्स फ्रान्सेन या संशोधकानें दोरीला बांधलेलें एक पोकळ अवजार तळाशीं सोडलें. तें काळ्या ओकाचा एक तुकडा घेऊन वर आलें. २४ एप्रिल १९६१ रोजीं, म्हणजे ३३३ वर्षांनीं, जहाज पाण्यावर आलें.

इतक्या काळांत तें कुजलें कसें नाहीं? आम्हांस आमच्या वाड्याच्या खांबाचें स्मरण झालें. खांब कुजतो तो जमिनीलगत, जेथें ओल आणि हवा दोन्ही मिळतात. खोल चिखलांत हवाच नाहीं, मग बुरशी जगणार कशावर? शिवाय लांकूड पोखरणारा समुद्रकिडा, ज्याचा उपद्रव आमच्या कोंकणच्या नाखव्यांस चांगला ठाऊक आहे, तो तेथील अळणी समुद्रांत टिकत नाहीं. तथापि लांकूड आंतून क्षीण झालेलें असतें; त्यांतील पाणीच त्याला सांवरून धरतें. तें पाणी वाळलें, कीं लांकूड आक्रसतें व भेगाळतें.

म्हणून पाणी काढण्याऐवजीं त्याच्या जागीं दुसरें कांहीं भरावयाचें, अशी युक्ति योजिली. पॉलिएथिलीन ग्लायकॉल हा मेणासारखा, परंतु पाण्यांत विरघळणारा पदार्थ. त्याचें पाणी प्रथम पातळ, मग क्रमाक्रमानें दाट करीत जहाजावर सतरा वर्षें शिंपडलें.

हें ऐकतांच आमच्या वहिनी म्हणाल्या, “भावोजी, हा तर मोरावळाच झाला! एकदम घट्ट पाकांत टाकला, तर आवळा सुरकुततो.”

उपमा तंतोतंत खरी होती. १९७९ पर्यंत शिंपण, नंतर नऊ वर्षें सावकाश वाळवण, आणि १९९० मध्यें हें नवें संग्रहालय उघडलें. मोरावळा बरणींत भरला, कीं गृहिणी मोकळी होते. येथें मात्र तसें झालें नाहीं.

२००० सालचा उन्हाळा पावसाळी होता. ओल्या कपड्यांनिशीं आलेल्या प्रेक्षकांच्या गर्दीनें आंतील हवा दमट झाली, आणि लांकडावर पांढरे-पिवळे डाग उमटूं लागले. शोध घेतां कळलें, कीं शहराच्या सांडपाण्यानें नासलेल्या त्या बंदरांत गंधकाचा वायु होता व तें गंधक शतकानुशतकें लांकडांत मुरलें होतें. ज्या घाणीनें जहाज जतन केलें, तिचेंच आतां हवेंत गंधकाम्ल होत होतें! त्यांत लोखंडाची भर. मूळचे बोल्ट गंजून गेले होते, म्हणून जहाज वांचविणाऱ्यांनींच पांच हजारांवर नवे लोखंडी बोल्ट बसविले होते. तेहि गंजले, आणि लोखंडाच्या संसर्गानें लांकडाचा ऱ्हास वाढतो. त्यांना दोष द्यावासा आम्हांस वाटत नाहीं. एवढें मोठें ओलें जहाज त्यापूर्वीं वाळविलें होतें कोणी? २०११ ते २०१८ या काळांत ते बोल्ट काढून न गंजणाऱ्या पोलादाचे घातले. त्याआधीं हवा सदैव एकसारखी राखणारी नवी यंत्रणाहि बसली होती.

आतां निराळी चिंता आहे. पाठीचा कणा वांकलेल्या वृद्धाप्रमाणें जहाज स्वतःच्याच भारानें दरवर्षीं सुमारें एक मिलिमीटर खचतें. त्याच्या अंगावर ठिकठिकाणीं खुणा आहेत. त्यांवरून हें मोजमाप ठेवतात. नवा आधार उभारण्याचें काम २०२४ मध्यें सुरू झालें.

परततांना आम्ही कोट घेतले. वहिनींच्या कोटाच्या अस्तनींतून अजून पाणी ठिबकत होतें. त्यांनीं तो अंगाशीं न धरतां दूर धरला, व दार लोटून त्या लगबगीनें बाहेर पडल्या.