बटणाचा फोन आणि किनाऱ्याची वाट

म्हसळ्याहून दाभोळला जायचे दोन रस्ते आहेत. एक महाडवरून महामार्गाने खेड, दापोलीचा. दुसरा समुद्राला धरून जाणारा. त्यात बागमांडल्याला सावित्री नदी फेरीबोटीने ओलांडावी लागते. दाभोळ हे अम्मींचे माहेर. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना घेऊन आम्ही दुसऱ्या रस्त्याने निघालो. सोबत इंटरनेट नव्हते, नकाशा मात्र होता.

गेल्या वर्षापासून आम्ही दोघांनी साधा बटणाचा फोन घेतला आहे. सिम त्यात. जुना स्मार्टफोन घरीच वायफायवर असतो. शाळेच्या ग्रुपवरच्या सूचना सकाळ-संध्याकाळ त्यावर पाहतो. घरात चार माणसे एका दस्तरखानावर बसून चार पडद्यांत हरवलेली असत, ते थांबावे एवढाच हेतू. लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मग रस्ता कसा शोधता?"

त्याचे उत्तर सोपे आहे. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, सिमही लागत नाही. सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरून उपग्रह संदेश पाठवतात. फोन तो फक्त ऐकतो आणि निदान चार उपग्रहांवरून आपली जागा काढतो. इंटरनेट लागते ते नकाशाची चित्रे आणायला. तो नकाशा घरीच उतरवून घेतला की काम झाले. आम्ही 'ऑरगॅनिक मॅप्स' वापरतो. त्यातला नकाशा 'ओपनस्ट्रीटमॅप'चा आहे. 2004 साली इंग्लंडमध्ये सुरू झालेले हे काम जगभरचे स्वयंसेवक पुढे नेत आहेत. प्रवासाला निघताना जुना फोन विनासिम गाडीत ठेवायचा. सिम नसले की पहिल्यांदा जागा सापडायला दोन-चार मिनिटे लागू शकतात; तेवढा वेळ मोकळ्या आभाळाखाली थांबावे.

श्रीवर्धन, हरिहरेश्वर मागे टाकून बागमांडल्याला पोहोचलो. फेरीबोट कधी सुटणार हे आमच्या नकाशाला माहीत नव्हते. जेट्टीवरच्या चहावाल्या चाचांना विचारले. "बसा मास्तर, चहा होईस्तोवर येईल," ते म्हणाले, आणि तसेच झाले. तिकिटाला रोख पैसे काढून ठेवले होते.

पलीकडे वेसवी, बाणकोट. तिथून केळशीपर्यंत रस्ता डोंगर आणि खाडी यांच्यामधून वळत जातो. मुलगा मागे बसून नकाशा पाहत होता. फाटा आला की "डावीकडे" म्हणायचा आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायचा. केळशीला याकूबबाबांच्या दर्ग्यावर फातिहा पढलो, भारजा नदीच्या मुखाजवळची वाळूची टेकडी पाहिली. पुढे आंजर्ले, मग हर्णै. समुद्रात सुवर्णदुर्ग दिसू लागला आणि अम्मी बोलत्या झाल्या.

त्यांच्या लहानपणी हा प्रवास बैलगाडीने आणि होडीने होई. कोणत्या वळणावर गाडी थांबायची, कोणत्या विहिरीचे पाणी गोड, कोणत्या चढाला बायका उतरून चालायच्या, त्या सगळ्याला नावे होती. त्यातले एकही नाव नकाशावर नव्हते. मुलाने वही काढली आणि विचारून विचारून अकरा नावे लिहिली. अम्मी एरवी घरात दोन वाक्यांपलीकडे बोलत नाहीत. त्या दिवशी दापोली येईपर्यंत थांबल्या नाहीत.

दाभोळला धक्क्याजवळची आदिलशाही काळातली दगडी मशीद खाडीकडे तोंड करून उभी आहे. पायऱ्यांवर बसून अम्मींनी आणखी दोन नावे सांगितली.

ओपनस्ट्रीटमॅपवर कोणीही नोंद करू शकतो. परतल्यावर मुलाने विहिरींची नावे त्यात भरली. पण आधी अम्मींना प्रत्येक जागा दाखवून खात्री करून घेतली. ज्यांची जागा पक्की कळली नाही ती वहीतच आहेत.

ज्यांना असा सफर करायचा असेल त्यांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. बटणाचा फोन 4जीचा घ्यावा, कारण काही कंपन्यांची सेवा 2जीवर मिळत नाही. नकाशा निघण्याआधी एकदा ताजा करून घ्यावा. आणि अडचणीत 112 हा क्रमांक बटणाच्या फोनवरूनही लागतो, हे मुलांना सांगून ठेवावे.

बाकी, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला पुढच्या सीटवर बसवावे. त्यांना आठवणारा रस्ता अजून कुठल्याच फोनमध्ये उतरवलेला नाही.