एक पुस्तक, चार वाचक

पालेगावाहून अंबरनाथ स्टेशन, तिथून लोकलने कल्याण. १८६४ सालापासूनच्या तिथल्या सार्वजनिक वाचनालयातून अब्बा पुस्तक आणायचे. अब्बांनंतर अम्मी, मग आपा, शेवटी मी. परत करायची तारीख जवळ आली की घाई व्हायची आणि जेवताना त्याच पुस्तकावर बोलणं व्हायचं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अब्बांना किंडल घेऊन दिलं. अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात. अब्बा खूश झाले. पण वाचनालयाची फेरी थांबली आणि कोण काय वाचतंय, हे घरात कुणालाच कळेनासं झालं.

यंदा रमजानमध्ये अब्बा तरावीहहून परतले तेव्हा अम्मी म्हणाली, “वाचताय ते मोठ्याने वाचा, आम्हीही ऐकू.” आता रोज पाव तास अब्बा वाचतात. वाचनालयाची वर्गणीही मी पुन्हा भरली. किंडलवर न मिळणारी मराठी पुस्तकं अजून पुष्कळ आहेत.