मोठ्यांचा खेळ

आम्हा मुलांना खेळ फार आवडतो. आमच्या वर्गातली मुले कंचे व विटीदांडू खेळतात. मला खो-खो आवडतो.

आमच्या भंडारा जिल्ह्यात मोठी माणसेसुद्धा खेळतात. धान निघाले की शंकरपट भरतो. लाखनीचा पट प्रसिद्ध आहे. 2014 साली कोर्टाने पट बंद केले होते. तेव्हा आजोबा हिवाळाभर नुसते ओट्यावर बसून राहत, असे बाबा सांगतात. डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. आता आजोबा सत्तर वर्षांचे आहेत, पण जोडी सुटली की पोरासारखे ओरडतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही.

माझी आई शाळेत खो-खो खेळत होती. सातवीनंतर तिचा खेळ सुटला. मी तर चौथीतच आहे, तरी शेजारच्या काकू म्हणतात, "मोठी झालीस ना आता, खेळना बस कर." मग आजोबा मोठे नाहीत काय? जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. त्यात भारताच्या महिलांनी नेपाळला 78-40 असे हरविले. कर्णधार प्रियंका इंगळे आपल्या महाराष्ट्राची आहे. ती पण मोठीच आहे.

यंदा रोवणे संपल्यावर आम्ही मुली खेळत होतो. एक गडी कमी पडला म्हणून आईला बोलाविले. ती आधी लाजली. मग पदर खोचून असी धावली की तिघी बाद! तिला धाप लागली अन् हसू थांबेना. आई इतकी हसते हे मला माहीतच नव्हते.

पालकसभा झाली की मैदानात खो-खो आहे. बाईंनी हो म्हटले आहे. सर्वांच्या आयांनी थांबावे.