कोरड्या नदीवरची होडी

मराठवाड्यात होडीचा विषय काढला की परगावचा पाहुणा हसतो. हसेल नाही तर काय! एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला 10 वाघिणींत मिळून 5 लाख लिटर. पण त्याच पाहुण्याने पावसाळ्यात नांदेडच्या घाटावर उभे राहावे. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की गोदावरी एकेक पायरी गिळीत वर येते. वस्तीत पाणी शिरले, की माणसे काढायला होडीच हवी!

फायबरची होडी लाकडासारखी कुजत नाही. म्हणूनच ती काठावर उन्हात पडून राहते. उन्हाने वरचा गुळगुळीत थर तडकतो, भेगांतून पाणी आत मुरते. जुन्या होडीचा तळ नाण्याने वाजवून पाहावा. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला तर आतले पदर सुटले समजावे.

मग तेवढा भाग खरवडून कडा दूरपर्यंत उतरत्या घासायच्या आणि तळ पुरता सुकू द्यायचा. इथे मात्र आपले ऊन कामी येते! त्यावर रेझिनमध्ये भिजवलेली काचतंतूंची मॅट थरावर थर बसवायची, हवेचे बुडबुडे दाबून काढायचे. हे काम भल्या पहाटे उरकावे. भर दुपारी हार्डनर घातलेले रेझिन डब्यातच दगड होते.

ओल्या तळावर ठिगळ धरत नाही. आषाढातल्या पुराची होडी वैशाखातच दुरुस्त व्हावी लागते. मग नदीत पाणी असो वा नसो.